तिथीची पाऊणपट

अलिबागच्या किनाऱ्यावर रविवारी भर दुपारी एक कुटुंब पाण्याकडे तोंड करून उभं होतं. आईवडील, आजी आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. समोर कुलाबा किल्ला, आणि मधे पाणी. वडिलांच्या हातात मोबाईल. त्यांनी घरून निघण्याआधी नीट पाहून ठेवलं होतं, ओहोटी बारा वाजून वीस मिनिटांनी. बारा वाजून वीस मिनिटं झालीही होती. पाणी मागे गेलंही होतं, पण वाट उघडली नव्हती. किल्ल्याकडे चालत निघालेली दोन पोरं मांडीभर पाण्यातून माघारी फिरत होती. वडिलांनी घोडागाडीवाल्याला विचारलं, "ओहोटी आहे ना आत्ता?" तो म्हणाला, "हाय ना. पन आज आठम हाय, भांगाचा पानी. आज वाट सुकाची नाय." त्यावर मुलानं विचारलं, "मग दुपारी कधी सुकते?" वडील म्हणाले, "पुढच्या रविवारी येऊ." गाडीवाला काहीच बोलला नाही. आजीनं बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली होती, तेवढ्यात सगळे भेळेच्या गाड्यांकडे वळले.

मुलाच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्याला कुणी दिलं नाही, ही गोष्ट मनातून जात नाही.

कारण उत्तर आहे, आणि ते कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करायची. आजची तिथी जी असेल तिला पाऊणनं गुणलं की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. दिवसाही तीनला आणि रात्रीही साधारण तीनला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, नऊ वाजता. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. दशमीला भरती साडेसातला. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित एकच, फक्त वद्यात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अमावास्या आणि पौर्णिमेला भरती बाराच्या आगेमागे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. ती पन्नास मिनिटं जुन्या लोकांनी तोंडी हिशेबाला सोपी जावीत म्हणून पाऊण तासावर आणली. त्यामुळे पक्षाच्या अखेरीला हे गणित अर्धापाऊण तास चुकतं, तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर आणखी थोडं. होडी लोटायला तेवढा अंदाज पुरतो. आणि हे गणित मुंबई-अलिबागच्या आसपासच्या किनाऱ्याचं आहे, सगळ्या समुद्राचं नव्हे. खंभातच्या आखातात हेच पाणी आत शिरायला काही तास घेतं, तिथे पाऊणपट घेऊन गेलात तर फसाल.

पण वेळ ही अर्धीच गोष्ट झाली. त्या वडिलांची चूक वेळेत नव्हती. वेळेच्या शेजारी मोबाईलवर आणखी एक आकडा असतो, पाण्याच्या उंचीचा, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हाचं ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा पाण्यात जोर राहत नाही. तो भांग. मुंबई बंदराच्या सरासरी आकड्यांत पाहिलं तर उधाणाची भरती सुमारे ४.४ मीटर आणि ओहोटी पाऊण मीटर. भांगाची भरती ३.३ मीटर आणि ओहोटी जवळजवळ १.९ मीटर. म्हणजे दोन्ही ओहोट्याच, पण अष्टमीच्या ओहोटीला किल्ल्याच्या वाटेवर पौर्णिमेच्या ओहोटीपेक्षा मीटरभर पाणी जास्त असतं. मीटरभर म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेइतकं. घोडागाडीवाल्यानं एका शब्दात सांगितलं ते हेच.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. दुपारी बाराला ओहोटी हवी असेल तर तिथी अष्टमीच लागते. आणि अष्टमीला पाणी सुकत नाही. पाणी खरं सुकतं ते उधाणाला, आणि उधाणाची ओहोटी इथे नेहमी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपासच येते. वर्ष बदललं, महिना बदलला, तरी हे बदलत नाही. पुढचा रविवार तर आणखीच वाईट, कारण आज अष्टमी तर सात दिवसांनी पौर्णिमा किंवा अमावास्या, म्हणजे बरोबर दुपारी बाराला तुडुंब भरती. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा सप्तमी-अष्टमी, पुन्हा भांग. सकाळी मुंबईहून किंवा पुण्याहून निघून, वाटेत नाश्ता करून, वडखळच्या कोंडीतून सुटून बाराला किनाऱ्यावर पोचणाऱ्या माणसाला कुलाब्याची वाट नीट कोरडी कधीच मिळत नाही. दर आठवड्याला शेकडो माणसं त्या वेळेला तिथे उभी असतात, आणि प्रत्येकाला वाटतं, आज आपलं नशीब नव्हतं.

खरं तर हे सगळं गाव चंद्राच्या हिशेबावर उभं आहे, आणि हे इथल्या दगडांवरसुद्धा दिसतं. अलिबागपासून चारपाच किलोमीटरवर आक्षी. तिथला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत मोजतात, शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असं त्याचं वाचन आहे. त्यात शिलाहार राजा केसिदेवरायाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलं आहे. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावं, असा त्या खुणेचा अर्थ, अनेक दानलेखांवर ती असते. पण समुद्राच्या इतक्या जवळ, जिथे रोजचं पाणी त्या दोघांच्याच ओढीनं वरखाली होतं, तिथे तो चंद्र पाहताना अंगावर काटा येतो. नागावला नाश्त्याला जाणाऱ्या गाड्या आक्षीतूनच जातात. पाच मिनिटं थांबून तो दगड पाहावा. आपण बोलतो ती भाषा हजार वर्षांपूर्वी दगडावर कशी उतरली हे पाहायला तिकीट लागत नाही.

अलिबाग या नावाचा उगम अली नावाच्या श्रीमंत बागायतदाराच्या बागांत आणि विहिरींत सांगतात. काहींच्या मते हा अली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू होता. इस्रायल आळी आजही गावात आहे, तिथलं मागेन अबोथ हे सिनेगॉग १८४८ मधलं. आपली गलबतं नवगावच्या किनाऱ्याशी फुटली आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण घरात मराठी बोलणारी म्हातारी माणसं तिथे अजून भेटतात. त्यांचेही महिने चंद्राचेच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताचं जे स्थान आहे, तिथे ते शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी जमतात, म्हणजे पौर्णिमेलाच. पंचांग वेगळं, भाषा मराठी आणि चंद्र तोच.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. जवळ गेल्यावर आधी तट पाहावा, बुरूज मोजणं नंतर. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते ठेवलेले आहेत, दरजांत चुना नाही. पाहणाऱ्याला वाटतं चुना वाहून गेला असेल. तसं नाही, तो भरलेलाच नव्हता. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, जोर फुटतो आणि तेच पाणी सावकाश बाहेर येतं. उधाणाच्या वेळी तटाशी कान दिला तर आतल्या पाण्याचा गुडगुडता आवाज ऐकू येतो. दरजा बंद असत्या तर लाटेचा सगळा धक्का भिंतीनं घेतला असता. साडेतीनशे वर्षं जवळ आली, तो तट रोज दोनदा मार खातो आहे आणि उभा आहे.

१७१३ मध्ये हा किल्ला मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्र्यांकडे आला आणि इथल्या उथळ पाण्याचं खरं मोल कळलं. सरखेलांची गलबतं हलकी, उथळ तळाची, वल्ह्यांवरही चालणारी. इंग्रजांची लढाऊ जहाजं खोल पाणी मागणारी. भरतीला खडक झाकले जातात आणि नवख्याला दिसत नाहीत, ओहोटीला पाणीच उरत नाही. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. बाजीरावांची फौज मदतीला आली होती, दोन्ही मित्रांत फाटलं होतं, हे सगळं खरं. पण ज्यानं ती वाट एकदा पायी तुडवली आहे त्याला या समुद्रानंही आपली बाजू सांभाळली असणार हे पटतं. कान्होजींची समाधी गावातच आहे. त्यांनी बांधलेला हिराकोटही गावात आहे, त्यात आज कारागृह आहे. १८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं, कुलाबा जिल्हा राहिला, आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचंही नाव रायगड झालं. कुलाबा हे नाव आता इथे किल्ल्यापुरतंच उरलं आहे.

नावाची गंमत चुंबकीय वेधशाळेतही आहे. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. विजेची ट्राम येणार हे ठरल्यावर तिथल्या वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभॉय मूस यांच्या लक्षात आलं की तारांतल्या प्रवाहानं या नोंदी बिघडणार. त्यांनी जागा शोधली ती अलिबागला. १९०४ मध्ये इथे काम सुरू झालं. इमारतीला पोरबंदरी दगड, लोखंड टाळून तांबं, पितळ, लाकूड. एकदम जागा बदलली तर जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा तुटेल, म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि १९०६ मध्ये मुंबईचं काम थांबवलं. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. जगात इतक्या लांबलचक, अखंड नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत, आणि त्या अखंड आहेत त्या दोन वर्षांच्या धीरामुळे. अशा नोंदींतून सूर्याच्या मोठ्या लहरी बाजूला काढल्या की खाली चंद्रामुळे होणारा बारीकसा चढउतारही सापडतो. म्हणजे बाहेर वाळूवर जे दिसतं, त्याची पुसटशी खूण आतल्या कागदावरही असते. या गावाकडे पाहून मुंबईत लोक सहज म्हणतात, "मी काय अलिबागहून आलोय का?" त्यावर बंदी आणा म्हणून अलिबागकर उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१९ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. कायद्याच्या दृष्टीनं ते योग्यच असेल. दुखणं मात्र खरं आहे.

पांढऱ्या कांद्याबद्दल थोडक्यातच. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो कार्ले-खंडाळे भागात होतो, २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पातींसकट सुकवून वेणी घालतात आणि माळ करून विकतात. नवी माळ साधारण फेब्रुवारीपासून पावसाआधीपर्यंत. इतर दिवसांत रस्त्यावर ताजी म्हणून दिसणारी माळ घेताना विचार करावा. खरा कांदा कच्चा खाल्ला तरी जीभ चुरचुरत नाही. घरी नेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला की चार दिवसांत मोड येतो, माळ हवेशीर जागी टांगूनच ठेवावी.

आता वाटेबद्दल. कोरड्या पायांनी जायचं तर प्रतिपदा ते पंचमी हे दिवस धरावेत, सकाळच्या ओहोटीला. त्यातही द्वितीया ते चतुर्थी उत्तम, कारण पाण्याचा खरा जोर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी नसतो, त्यानंतर एकदोन दिवसांनी येतो. म्हणूनच पुनवेआधीची त्रयोदशी आणि पुनवेनंतरची तृतीया जवळजवळ तितक्याच अंतरावर असूनही तृतीयेला पाणी जास्त मागे जातं. चतुर्थीचं उदाहरण घ्या. ओहोटी नऊला. साडेसातला वाळूवरून निघावं. अंतर एक-दीड किलोमीटर, पण पाऊण वाट खडकांची आहे, अर्धा तास लागतोच. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यावं, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं हे देऊळ आहे, गणेशपंचायतनाचं. समोर गोड्या पाण्याची पुष्करणी. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा. चतुर्थीला गणपती आणि चतुर्थीलाच सकाळी नऊची ओहोटी, हा योग माघातल्या गणेशजयंतीला फार सुंदर जुळतो. त्या दिवशी बायका-मुलं, म्हातारी माणसं, डोक्यावर हाराच्या टोपल्या घेतलेले विक्रेते, सगळी रांग समुद्राच्या तळावरून चाललेली असते.

परतीचं मात्र घड्याळ लावून ठेवावं. पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पहिल्या तासात काही झालंच नाही असं वाटतं, आणि मधल्या दोन तासांत अर्धा समुद्र परत आलेला असतो. माणसं अडकतात ती याच भरवशावर. किल्ल्याच्या दारातून पाहिलं तर समोर खडक अजून उघडे दिसतात, पण पाणी खडकांवरून येत नाही, आधी सखल जागा भरत येतं, आणि निम्म्या वाटेवर गेल्यावर कळतं की पुढचा किनारा तुटला आहे. चतुर्थीला नऊची ओहोटी असेल तर साडेदहाला पाय पुन्हा किनाऱ्याच्या वाळूवर हवेत, अकराची वाट पाहू नये. अडकलात तर पाण्यात शिरू नये. किल्ल्यातच थांबून पुढच्या ओहोटीची वाट पाहावी किंवा होडी मागवावी. पाण्याची बाटली घरूनच न्यावी. चपला हातात घेऊन चालायची हौस करू नये, खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी लागते आणि मिठाच्या पाण्यात ती जखम लवकर भरत नाही. पट्ट्याचे सँडल बरे. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाऊल ठेवू नये, काळा खडबडीत खडक निवडावा. पावसाळ्यात हा नाद पूर्ण सोडावा. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या साध्या बोटी त्या दिवसांत बंद असतात, ते समुद्राचं म्हणणं किनाऱ्यावरही ऐकावं.

आणि गाडी वाळूवर नेऊ नये. ओली वाळू पायाखाली सिमेंटसारखी घट्ट लागते, पण चाक थांबलं की भोवतीचं पाणी वाळू सैल करतं, पहिली लाट चाकामागची वाळू ओढून नेते, चालक घाबरून जोरात एक्सलरेटर दाबतो आणि चाक खड्डा खणत आत जातं. पुढचा तिसरा आणि चौथा तास कुणाची वाट पाहत नाही.

हे सगळं त्या मुलाला किनाऱ्यावर सांगता आलं असतं का, कुणास ठाऊक. आठ वर्षांच्या मुलाला एवढंच पुरलं असतं की दुपारी वाट कधीच सुकत नाही, सकाळी लवकर उठून यावं लागतं. त्याच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बहुतेक कालनिर्णय असेल. त्यावर रोजच्या चौकोनात तिथी छापलेली असते. आजीला ती पाठच असणार. त्या दिवशी ती पेरं कशासाठी मोजत होती हे आता कळणार नाही. चतुर्थी किती दिवसांनी आहे, हे असावं. अष्टमीपासून मोजायचं तर अकरा.

अकराव्या दिवशी सकाळी सातला तिथे जो उभा असेल त्याला दिसेल. आधी एक काळा खडक वर येतो, मग त्याच्या बाजूचा. मधलं पाणी पातळ होत होत नुसतं चकाकायला लागतं. पहिली घोडागाडी त्यातून जाते, चाकांच्या दोन रेघा उमटतात आणि पाण्यानं भरून जातात. दुसरी गाडी जाते तेव्हा त्या रेघा भरायला वेळ लागतो. तिसऱ्या गाडीच्या रेघा तशाच राहतात.